‘खरं’ म्हणजे ‘पण’: गुणात्मक संशोधन समजून घेताना

मुंबईहून बेळगावला अभ्यासासाठी आलेल्या एका विद्यार्थिनीने मला एकदा मुलाखत उतरवलेला कागद दाखवला. विषय होता सीमाभागातल्या मराठी शाळा. खानापूर तालुक्यातल्या एका आईचं बोलणं तिने असं उतरवलं होतं: ‘आम्हाला मराठी शाळाच पाहिजे खरं. पोरांचं पुढं काय?’ पहिल्या वाक्याखाली तिने रेघ ओढली होती आणि समासात लिहिलं होतं, ‘मराठी शाळेबद्दल ठाम आग्रह’. मी म्हटलं, मूळ रेकॉर्डिंग लाव बघू. त्यात ती बाई म्हणत होती, ‘आम्हाला मराठी शाळाच पाहिजे, खरं पोरांचं पुढं काय?’

बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी या पट्ट्यात ‘खरं’ म्हणजे ‘पण’. ‘आलो असतो, खरं पाऊस लागला.’ आमच्याकडे हे रोजचं आहे. पूर्णविराम एका शब्दाने पुढे सरकला आणि त्या बाईची सगळी घालमेल एका ठाम मतात बदलून गेली. विद्यार्थिनी हुशार होती, कष्टाळू होती, मराठीच होती. तरीही हे घडलं.

गुणात्मक संशोधन म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी या पूर्णविरामापासून सुरुवात करते. या पद्धतीबद्दल दोन गैरसमज पक्के बसलेले आहेत. एक, ही सोपी वाट आहे: आकडेमोड जमत नाही त्यांनी चार लोकांशी गप्पा माराव्यात आणि प्रबंध लिहावा. दुसरा, हे काही शास्त्र नव्हे, नुसती मतं आहेत. दोन्ही चूक आहेत, आणि का चूक आहेत ते नीट सांगावं म्हणून हा लेख.

आधी फरक बघू. एखाद्या गावातल्या सरकारी मराठी शाळेत दहा वर्षांपूर्वी किती मुलं होती आणि आज किती आहेत, हे जाणून घ्यायला कुणाची मुलाखत नको. शाळेचा पट काढा, उत्तर मिळेल. तालुक्यातल्या सगळ्या शाळांचे पट एकत्र करा, आलेख काढा. हे संख्यात्मक संशोधन, आणि ते अतिशय गरजेचं आहे. त्यातून ‘किती’ कळतं. पण त्याच गावातल्या एखाद्या घरात जून महिन्यात चुलीपाशी बसून ‘पोराचं नाव कुठं घालायचं’ हे ठरतं तेव्हा कोण काय बोलतं, कोण गप्प बसतं, कुणाचं चालतं, शेजारच्या पोराचं उदाहरण कसं निघतं, कन्नड आलं नाही तर नोकरीचं काय ही भीती कुठून आली, हे पटावर उमटत नाही. ‘कसं’ आणि ‘काय समजून’ हे प्रश्न आले की गुणात्मक पद्धतीचं काम सुरू होतं.

जनगणनेतल्या मातृभाषेच्या रकान्याचं उदाहरण आमच्या भागात फार बोलकं आहे. जनगणनेची व्याख्या अशी, की लहानपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा. आई मूल तान्हं असतानाच गेली असेल, तर लहानपणी घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. व्याख्या स्वच्छ आहे, तिच्याशिवाय देशभर मोजणी होऊच शकणार नाही. आता बेळगावच्या वडगाव भागातल्या विणकराच्या घरात या. आईचं माहेर गोकाककडचं, ती पोरांशी कन्नडमधून बोलते. बाप मराठीतून बोलतो. आज्जी दोन्ही मिसळून बोलते, भजन मराठीतून म्हणते आणि दराची घासाघीस कन्नडमधून करते. रकाना एक, उत्तर एक. आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे भाषावार प्रांतरचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला तेव्हापासून, त्या एका उत्तरावर किती ओझं येऊन पडलं आहे, हे इथे राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. एकदा शहापुरात एका बाईंना मी मातृभाषा विचारली, तर त्यांनी शांतपणे उलट विचारलं, ‘तुम्हाला कुठली पाहिजे?’

त्या प्रश्नाने मला जे शिकवलं ते कुठल्याही पाठ्यपुस्तकाने शिकवलं नव्हतं. माणसाचं पहिलं उत्तर बहुतेकदा प्रश्नाला दिलेलं नसतं, विचारणाऱ्याला दिलेलं असतं. तुम्ही कोण, कुठून आलात, कशासाठी आलात, तुमच्या हातातला कागद कुठे जाणार, हे सगळं समोरचा क्षणात तोलतो आणि मग बोलतो. केए २२ ची, म्हणजे बेळगावची, गाडी घेऊन गेलात तर एक उत्तर, एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूरची, घेऊन गेलात तर दुसरं. आडनाव सांगितलंत की तिसरं. यात लबाडी काही नाही. अनोळखी माणसाशी शहाणा माणूस असाच वागतो. गुणात्मक संशोधनाच्या जितक्या म्हणून पद्धती आहेत, त्या या पहिल्या उत्तराशी थांबायचं नाही, आणि ते खोटं म्हणून फेकूनही द्यायचं नाही, यासाठी घडलेल्या आहेत असं मला वाटतं.

त्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महाग पद्धत म्हणजे जाऊन राहणं. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की हा पोलिश अभ्यासक पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला, तिथली भाषा शिकला, आणि १९२२ साली त्यावर लिहिलं. त्याआधी बरेचसे विद्वान घरी बसून प्रवाशांच्या आणि मिशनऱ्यांच्या नोंदींवर लिहीत. त्याने आग्रह धरला की तंबू गावातच ठोकायचा. लोक जे सांगतात आणि लोक जे करतात यात अंतर असतं, आणि ते अंतर तिथे राहिल्याशिवाय दिसत नाही. याला सहभागी निरीक्षण म्हणतात.

आपल्याकडे म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. पुस्तकात त्यांनी त्याला रामपुरा असं नाव दिलं. संख्या, जमीन आणि वजन हाती असलेली एक जात गावाचा कारभार कसा चालवते, ही ‘वर्चस्व असलेल्या जाती’ची त्यांची मांडणी या गावातल्या अनुभवातून उभी राहिली. १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्ड इथल्या अभ्यासकेंद्राला आग लावली गेली आणि त्यांनी वर्षानुवर्षं खपून तयार केलेले टिपणांचे संच जळाले. मग त्यांनी मुख्यतः आठवणीवर विसंबून त्या गावाबद्दल पुस्तक लिहिलं, ते १९७६ साली आलं. विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट दोन कारणांसाठी सांगते. टिपणांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवा, हे एक. आणि दुसरं, माणूस खरोखर गावात राहिला असेल तर कागद गेले तरी गाव त्याच्या अंगात उरतं.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते इरावती कर्वे यांचं वारीवरचं लेखन. मानववंशशास्त्र शिकलेली बाई पंढरपूरच्या वाटेवर दिंडीबरोबर चालते. दिंडी एक, अभंग एक, पण जेवणाच्या वेळी ब्राह्मण आणि मराठा वारकरी वेगवेगळे बसतात, हे तिच्या लक्षात येतं आणि सलतं. ती मराठा बायकांबरोबर जेवते. त्यानंतर त्या बायका मोकळ्या होतात, हात धरून बरोबर चालू लागतात, ताई म्हणू लागतात. आम्ही पुण्याला तुमच्याकडे येऊ, असं म्हणतात. मग त्यांच्यातली एक तरुण मुलगी विचारते, की तेव्हाही तुम्ही आमच्याशी आत्ता वागता तशाच वागाल का? कर्वे लिहितात की तो साधा प्रश्न त्यांना खोल लागला. ज्या माणसांचा आपण अभ्यास करतो ती माणसं आपलाही अभ्यास करत असतात, हे मला त्या प्रसंगाइतकं स्पष्टपणे दुसरीकडे कुठे भेटलं नाही.

निरीक्षण म्हणजे नेमकं काय करायचं? निपाणीतल्या एखाद्या किराणा दुकानाच्या कट्ट्यावर बाजारच्या दिवशी तीन तास बसा. दुकानदाराला आधी विचारून, अर्थातच. गिऱ्हाईक आत आलं की पहिला शब्द कोण कुठल्या भाषेत बोलतो ते लिहा. दुकानदाराने भाषा कधी बदलली? पोशाख पाहून, वय पाहून, की गिऱ्हाईकाचं पहिलं वाक्य ऐकून? उधारीचं बोलणं कुठल्या भाषेत झालं? भांडण कुठल्या? नुसती ‘दुकानदार दोन्ही भाषा बोलतो’ अशी नोंद पातळ आहे. क्लिफर्ड गिअर्ट्झ या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९७३ साली दाट वर्णनाची कल्पना मानववंशशास्त्रात रुजवली ती इथे लागू पडते. एक पापणी लवली, एवढंच दिसतं; ती आपसूक फडफडली, की कुणाला खूण केली, की खूण करणाऱ्याची नक्कल केली, हे संदर्भाशिवाय कळत नाही. म्हातारा मराठी शेतकरी बघून कन्नड दुकानदार ‘या आण्णा, बसा’ म्हणतो, तो आदर असतो, धंदा असतो, की वीस वर्षांची ओळख असते? दाट वर्णन म्हणजे या तिन्हींतलं नेमकं कोणतं हे ठरवता येईल इतका तपशील.

अशा बारीक लक्ष देण्यातून काय हाती लागतं याचा जगभर गाजलेला नमुना आपल्या सीमेजवळचाच आहे. सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषाभ्यासकांनी १९७१ साली त्या गावाच्या बोलीवर लिहिलं. तिथे जैनांच्या घरात कन्नड, मुसलमानांच्या घरात उर्दू, दलित वस्तीत मराठी, आणि बाहेर वावरताना एकापेक्षा जास्त भाषा येणारे लोक. त्यांना आढळलं की पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारामुळे या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे, की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येतं. शब्द वेगळे राहिले, सांगाडा एक झाला. भाषा एक का झाल्या नाहीत? कारण घरं वेगळी राहिली: घरातली भाषा ही जातीची, धर्माची खूण म्हणून जपली गेली. जनगणनेच्या तक्त्यात कुपवाड म्हणजे वेगवेगळे आकडे. आकड्यांत चूक काहीच नाही, पण त्या भाषांमध्ये काय चाललं होतं हे आकड्यांतून दिसणं शक्य नव्हतं.

आता मुलाखत. बहुतेक विद्यार्थ्यांचं काम इथेच होतं आणि इथेच बिघडतं. चाळीस छापील प्रश्न घेऊन गेलात तर ती मुलाखत राहत नाही, रेशनकार्डाची चौकशी होते. सखोल मुलाखतीत आठ-दहा मुद्दे मनात असतात आणि क्रम समोरचा ठरवतो. सगळ्यात घातक शब्द ‘का’. ‘तुम्ही मुलाला इंग्रजी शाळेत का घातलं?’ असं विचारलं की माणूस स्वतःचा बचाव करायला लागतो, कारणं जुळवतो. त्याऐवजी एका घटनेला हात घाला: ‘मागच्या जूनमध्ये पोराचं नाव घालायचं कसं ठरलं ते जरा पहिल्यापासून सांगा की.’ मग गोष्ट येते, आणि गोष्टीत मामा येतो, बसचा पास येतो, शाळेत एकच शिक्षक उरल्याचं येतं, एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा समितीच्या, सभेत कुणी काय म्हटलं ते येतं. ‘मराठी शाळांची अवस्था वाईट झाली आहे, तुम्हाला काय वाटतं?’ या प्रश्नात तर उत्तर आधीच कोंबलेलं आहे. कोण नाही म्हणणार?

दुसरं हत्यार म्हणजे गप्प बसणं. माणूस बोलून थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात पाच आकडे मोजा. दुसरं उत्तर, जे खरं तुम्हाला हवं असतं, ते अनेकदा त्या पाच आकड्यांत येतं. आमच्या आज्जीला गोष्ट सांगताना ती फक्त ‘मग?’ म्हणायची आणि आम्ही नको ते सगळं सांगून मोकळे व्हायचो. ‘मग?’ आणि ‘म्हणजे कसं?’ यापलीकडे मुलाखतकाराला फार प्रश्न लागत नाहीत.

आणि मुलाखत उतरवताना बोली जशीच्या तशी ठेवा. पुणेरी करू नका. बोलता बोलता माणूस कन्नडमध्ये गेला तर कन्नड वाक्य देवनागरीत लिहा, अर्थ खाली द्या. जमिनीचं बोलताना तो ‘पहाणी’ म्हणेल, सातबारा म्हणणार नाही, पंचायतीत ‘पीडीओ’कडे जाईल, ग्रामसेवकाकडे नाही, गावात ‘अध्यक्ष’ असेल, सरपंच नाही. हे शब्द बदलून टाकलेत तर कर्नाटकातला सत्तर वर्षांचा कारभार तुमच्या कागदावरून पुसला गेला. कुठल्या विषयावर येताच माणूस भाषा बदलतो, ही स्वतःच एक माहिती आहे.

गटचर्चेबद्दल थोडक्यात. सहा ते दहा माणसं एकत्र बसवली की एकमेकांना दुरुस्त करतात, वाद घालतात, आणि गावात कुठली गोष्ट उघड बोलायची व कुठली नाही हे कळतं. पण देवळाच्या आवारात, पंचायत अध्यक्षांच्या समोर घेतलेल्या गटचर्चेतून अध्यक्षांचंच मत कळेल. बायकांचं ऐकायचं असेल तर स्त्रीशक्ती संघाची, म्हणजे बायकांच्या बचतगटाची, बैठक संपल्यावर तिथेच बसा, आणि पुरुष मार्गदर्शकाला बरोबर नेऊ नका. गटचर्चेचीच एक बहीण म्हणजे गावाचा नकाशा गावाकडूनच काढून घेणं. जमिनीवर रांगोळी आणि खडे घेऊन लोकांनी स्वतः विहिरी, वस्त्या, रस्ते दाखवायचे. भारतात ही सहभागी पद्धत १९८० च्या दशकाच्या शेवटी रुजली, आणि ती रुजवण्यात कर्नाटकातल्या मायराडा संस्थेचा मोठा वाटा आहे. नकाशात कुठली वस्ती आधी काढली जाते आणि कुठली सगळ्यांत शेवटी, कुणीतरी आठवण केल्यावर, तेही टिपून ठेवा.

कागदपत्रं, जुनी पत्रं, शाळेच्या इतिवृत्ताच्या वह्या, फोटो हेही साहित्यच. आमच्या भागात मुंबई इलाख्याच्या काळातले मराठीतले आणि मोडीतले कागद घराघरांतल्या ट्रंकेत आहेत. ते वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत, म्हणून हे काम आधी करा असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

मग प्रश्न येतो, किती लोकांशी बोलायचं? व्हायव्हाच्या, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या, दिवशी हटकून येतोच. इथे मतदानपूर्व चाचणीचा हिशेब लागू होत नाही. नवं काही कळायचं थांबेपर्यंत बोलायचं, हे तत्त्व. त्याला संपृक्तता म्हणतात. मीठ पाण्यात विरघळायचं थांबलं की पाणी संपृक्त झालं, तसंच. ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ साली हे तपासून पाहिलं. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांतल्या बायकांच्या ६० सखोल मुलाखती त्यांनी क्रमाने अभ्यासल्या, तर बहुतेक सगळे मुद्दे पहिल्या १२ मुलाखतींतच येऊन गेलेले आढळले. हा १२ चा आकडा आता मंत्रासारखा वापरला जातो, ते मला पटत नाही. त्या बायका बऱ्याच एकसारख्या होत्या आणि विषय आखीव होता. तुम्ही शिवारातल्या शेतमजूर बाई, उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला कामगार आणि टिळकवाडीतला निवृत्त प्राध्यापक या तिघांना एका अभ्यासात घ्याल तर १२ कुठेच पुरणार नाहीत.

माणसं निवडतानाही चिठ्ठ्या टाकायच्या नसतात. ज्याला त्या गोष्टीचा अनुभव आहे त्याला मुद्दाम शोधायचं. एकाने दुसऱ्याचं नाव सुचवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याचं, ही रीत सोयीची. तिचा धोकाही तिथेच आहे. तुम्ही एकाच गल्लीत, एकाच भावकीत, एकाच संघटनेत फिरत राहता. म्हणून सुरुवात निदान तीन वेगळ्या दारांतून करा: एक शिक्षक, एक अंगणवाडी सेविका, एक दूध डेअरीवाला.

आता सगळ्यात कमी समजलेला भाग: मुलाखतींचा ढीग जमला, त्यातून निष्कर्ष कसा काढायचा? इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण ‘शास्त्र नव्हे’ हा आक्षेप इथेच उभा राहतो किंवा पडतो.

समजा, तुमच्याकडे अशी चार वाक्यं आहेत. उदाहरणासाठी मीच रचली आहेत. एक आई: ‘मास्तर एकच, चार वर्ग एका खोलीत.’ एक बाप: ‘मला कन्नड आलं नाही म्हणून तालुक्याच्या ऑफिसात दहा वेळा हेलपाटे घातले, पोराला तसं नको.’ एक आजोबा: ‘आमच्या वेळी सगळी पोरं इथंच शिकली, आता पिवळी बस दारात येते.’ आणखी एक आई: ‘घरात मराठीच बोलतो की आम्ही, शाळेत कुठली का असेना.’

पहिलं काम संकेतनाचं. प्रत्येक वाक्याला छोटं नाव द्यायचं: शिक्षकांची कमतरता, कचेरीतला अपमान, गाडीची प्रतिष्ठा, घर आणि शाळा वेगळी. नाव शक्यतो त्यांच्याच शब्दांतलं ठेवायचं. वीस मुलाखतींत अशी शंभर-दीडशे नावं होतात. मग ती एकमेकांशेजारी मांडून बघायची. ‘हेलपाटे’ हे नाव शाळेच्या मुलाखतीत का येतंय? पुन्हा सगळ्या प्रती वाचल्या तर दिसतं की शाळा निवडताना बाप शाळेबद्दल बोलतच नाही, स्वतःला कचेरीत जे भोगावं लागलं त्याबद्दल बोलतो. आणि चौथ्या वाक्यातली आई सांगते की शाळा बदलली म्हणजे भाषा सोडली असं ती मानत नाही. भाषेची जागा तिने घरात नेमून दिली आहे. आता तुमच्या हातात काहीतरी आलं: ‘शाळेची निवड ही पालकांच्या लेखी भाषेची निवड नाही, ती कचेरीच्या दारासमोर मूल उभं राहील त्या दिवसाची तयारी आहे.’ हे अजून निष्कर्ष नव्हे, अंदाज आहे. तो घेऊन पुन्हा गावात जायचं आणि त्याला मोडायचा प्रयत्न करायचा. ज्यांनी मुलाला मराठी शाळेतच ठेवलं अशी घरं शोधायची. त्यांनाही हेलपाटे घालावे लागले का? घालावे लागूनही त्यांनी मराठीच निवडली असेल, तर तुमची मांडणी अपुरी आहे, आणि ती दुरुस्त करायला हे विरोधी उदाहरणच मदत करतं.

साहित्यातून सिद्धांत वर आणण्याची ही रीत बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९६७ साली पद्धतशीर मांडली. इस्पितळात मरणाच्या दारात असलेले रुग्ण, डॉक्टर आणि नर्स एकमेकांशी काय बोलतात, काय लपवतात याचा अभ्यास करताना त्यांना ती सुचली होती. आधी सिद्धांत, मग त्याला पुरावे जोडणं, ही सवय मोडायची होती त्यांना.

तर काटेकोरपणा कुठे असतो? तो तुम्ही कसे पोचलात याची वाट उघडी ठेवण्यात असतो. कुठलं वाक्य, कुठलं नाव, कुठला गट, कुठे मत बदललं, का बदललं, या सगळ्याची वही. तीच गोष्ट मुलाखतीतून, निरीक्षणातून आणि शाळेच्या पटातून अशी तीन बाजूंनी तपासून पाहण्यात असतो. निष्कर्ष लोकांना परत जाऊन वाचून दाखवण्यात असतो. आणि स्वतः कोण आहोत हे लिहिण्यात असतो: मी शहरातली, मराठी, शिकलेली, अमुक आडनावाची बाई, माझ्यापुढे कोण मोकळं झालं आणि कोण नाही. काही परीक्षकांना हे आत्मचरित्र वाटतं. मला तो मोजपट्टीचा तपशील वाटतो. वजनकाटा कुठला वापरला हे आपण सांगतोच ना, इथे काटा म्हणजे आपणच.

आणि एक चूक, जी दरवर्षी दिसते आणि दरवर्षी मला तितकीच खटकते. ‘१५ पैकी १२ पालक, म्हणजे ८० टक्के पालक म्हणाले की…’ हे लिहू नका. मुद्दाम निवडलेल्या १५ माणसांची टक्केवारी काढली की ती वाचणारा जिल्ह्याला लावणार, आणि तसा अर्थ त्यातून निघत नाही. पंधरा मुलाखतींतून विचार करण्याची एक तऱ्हा उलगडून दाखवता येते. ती किती लोकांची आहे हे बघायचं असेल तर नीट नमुना घेऊन सर्वेक्षण करा. दोन्ही पद्धती एकमेकींच्या शेजारणी आहेत, साखर मागायला जावं इतक्या जवळच्या.

शेवटी नीतीचा मुद्दा. सीमाभागात तो नुसता फॉर्म भरण्याचा नाही. संमती घेताना समोरच्याच्या भाषेत सांगा की हे कशासाठी, कोण वाचणार, कधीही थांबता येईल, उत्तर द्यायचं नसेल तर नका देऊ. सही मागितली की कित्येकजण घाबरतात, कारण सहीने जमिनी गेलेल्या त्यांनी पाहिल्या आहेत. तिथे तोंडी संमती रेकॉर्ड करा. नाव बदललं की ओळख लपली असं समजू नका. ‘चंदगडच्या रस्त्यावरच्या एका छोट्या गावातली, नवरा मिलिटरीत असलेली एकमेव आशा कार्यकर्ती’ असं लिहिलंत तर नाव काहीही ठेवा, तालुका तिला ओळखेल. नको असेल तो तपशील गाळा, गाव धूसर करा. आणि सीमाप्रश्नावर माणसाने भूमिका घ्यावी म्हणून त्याला कोपऱ्यात ढकलू नका. तुम्ही प्रबंध देऊन निघून जाल. त्याला उद्याही त्याच बसने, त्याच शेजाऱ्याबरोबर जायचं आहे.

ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांनी मुलाखतीपासून सुरुवात करू नये. खानापूरच्या बसस्टँडवर सकाळी दोन तास बसा. रेकॉर्डर नको, फोन नको, वही पुरे. बोर्ड कुठल्या भाषेत आहे, माणसं कंडक्टरला कुठल्या भाषेत विचारतात, शाळेची पोरं आपसात कुठल्या भाषेत भांडतात, इतकंच लिहा. डाव्या पानावर फक्त दिसलं-ऐकलं ते, उजव्या पानावर तुम्हाला त्यावरून काय वाटलं ते. त्याच रात्री, झोपायच्या आधी, टिपणं पूर्ण करा, सकाळपर्यंत निम्मं विसरतं. दुसऱ्या दिवशी वही उघडून डावं पान पुन्हा वाचा, आणि उजव्या पानावर असायला हवं होतं असं किती तिथे शिरलंय ते लाल पेनाने गोल करा.